रामटेकच्या वाटेवरचा काळा ढीग

मागच्या रविवारी रामटेकला गेलो होतो. घरचे सगळे गडावर गेले, मी मनसरच्या चौकात चहाला थांबलो. गुडघे आता पायऱ्यांना घाबरतात, दुसरं काही नाही. समोरून गाड्यांची रांग. अर्ध्या गाड्या खिंडसीला बोटिंगसाठी, उरलेल्या पेंचला वाघ पाहायला. एका गाडीतल्या पोरानं काच खाली करून लांबच्या काळपट ढिगाकडे बोट दाखवलं आणि बापाला विचारलं, "पप्पा, तो कशाचा डोंगर आहे?" बाप म्हणाला, "काही नाही, कोळसा असंल." गाडी गेली.

शेजारी बसलेले एक काकाजी हसले. म्हणाले, "पाहून राहिले ना भाऊ? पन्नास किलोमीटरवरून येतात लोकं, अन् म्हणतात कोळसा हाय. माह्या आज्यानं जन्म काढला त्या दगडात."

तो कोळसा नाही, मँगनीज आहे. आणि तो पप्पा एकटा अज्ञानी आहे असंही नाही. आपण नागपूरकर रामटेकचं वर्णन करतो तेव्हा राम सांगतो, कालिदास सांगतो, 'मेघदूत' सांगतो. जरा वाचन असलेला माणूस वाकाटक सांगतो. ते सगळं खरं आहे आणि अभिमानाचंही आहे. मनसरच्या हिडिंबा टेकडीत विटांचं मोठं बांधकाम निघालं. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इथे सापडलेली शिवाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण त्याच मनसरच्या जमिनीतून निघालेल्या दगडानं गेल्या सव्वाशे वर्षांत या भागातली किती माणसं जगवली, किती झिजवली आणि नागपूर शहरात त्यातून काय काय उभं राहिलं, हे कोणी सांगत नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी हा दगड कशाला लागतो ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये बेसेमरनं झटपट पोलाद करायची पद्धत काढली. पण ते पोलाद लाटताना फुटायचं, कारण त्यात प्राणवायू आणि गंधक राहून जायचं. रॉबर्ट मुशेट नावाच्या माणसानं त्यात मँगनीज असलेलं लोखंड टाकून पाहिलं आणि पोलाद टिकलं. तेव्हापासून आजपर्यंत पोलाद म्हटलं की मँगनीज आलंच. एका टनाला काही किलोच लागतं, भाजीतल्या मिठासारखं, पण त्याशिवाय भागत नाही. पुढे १८८२ मध्ये हॅडफील्डनं मँगनीज जास्त टाकून असं पोलाद केलं की ते घासेल तसं अधिक कडक होतं. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे तेच वापरतात. आणि लहानपणी टॉर्चचा संपलेला सेल दगडानं फोडून आपण हात काळे करून घ्यायचो, आठवतं? त्या काळ्या भुकटीत मँगनीज असायचं. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खदानीतला माल त्याच कामाचा.

आता आपल्याकडचं. नागपूर, भंडारा आणि बालाघाट असा साधारण २०० किलोमीटरचा पट्टा आहे, वर छिंदवाड्याकडेही त्याचे तुकडे आहेत. फार जुन्या समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ नंतर जमिनीच्या पोटात दाबला गेला, भाजला गेला आणि त्याचा हा जड काळा दगड झाला. भूगर्भवाले या खडकांना सौसर समूह म्हणतात, आणि त्यातल्या ज्या थरात मँगनीज सापडतं त्या थराचं नावच 'मनसर' आहे. म्हणजे जगातला कोणताही भूशास्त्राचा विद्यार्थी मध्य भारताचे खडक शिकतो तेव्हा आपल्या चौकाचं नाव घेतो. त्याच यादीत लोहांगी आहे, चोरबावली आहे. चोरबावली म्हटल्यावर आपल्याला फक्त जंगल सफारीचं गेट आठवतं.

गावांची नावंही ऐकून घ्या: लोहडोंगरी, बेलडोंगरी, कांद्री (कन्हानजवळची नाही, मनसरच्या पुढची), सातक, गुमगाव, मांद्री. 'लोहडोंगरी' नाव इंग्रज यायच्या आधीचं असणार. माझा तर्क असा की त्या टेकडीचा दगड जड आणि काळा आहे हे गावाला ठाऊक होतं, त्यांनी तो लोखंडात जमा केला. म्हणजे "साहेबांनी शोध लावला" हे वाक्य जरा जपूनच वापरायला हवं. साहेबांनी काय केलं, तर त्याचं नाव आणि भाव ठरवला.

नागपूरजवळच्या मँगनीज खनिजाची नोंद भूगर्भ खात्याच्या मॅलेट यांनी १८७९ मध्येच छापली होती. धंदा मात्र तेव्हा सुरू झाला नाही. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघाली आणि १८९९-१९०० च्या सुमारास नागपूर जिल्ह्यात खोदकाम सुरू झालं. या सालांकडे नीट पाहा. १८९६-९७ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा दुष्काळ, मध्य प्रांताच्या इतिहासातली ही दोन सगळ्यात वाईट वर्षं. शेत गेलं, जनावरं गेली, माणसं खडी फोडायच्या सरकारी कामांवर गेली. नेमक्या त्याच वेळी खदानी उघडल्या. कंपनी दुष्काळाची वाट पाहत बसली होती असं मी म्हणणार नाही. पण उपाशी माणूस स्वस्तात दगड फोडतो, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

काम कसं होतं? सुरुवातीच्या खदानी उघड्या होत्या. टेकडीच सोलून काढायची. पुरुष पहार आणि घणानं दगड मोकळा करायचे, बायका तो फोडायच्या, निवडायच्या, टोपलीत भरून डोक्यावरून न्यायच्या. निवडलेल्या मालाचे चौकोनी ढीग रचायचे आणि मापावर पैसे. रोज नाही, माप. माप कमी भरलं की पैसे कमी, आणि माप घेणारा मुकादम. बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी. गोंड होते, महार होते, आणि छत्तीसगडाकडून टोळ्यांनी आलेली कुटुंबं होती. माल बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत जायचा, मग बंगाल नागपूर रेल्वेनं बंदरावर, तिथून जहाजानं इंग्लंड, जर्मनी, अमेरिका. कन्हानहून रामटेकला जाणारी रेल्वेची शाखा आपण देवदर्शनाची गाडी समजतो. तिच्यावर यात्रेकरूंच्या जोडीला या काळ्या मालाचंही ओझं होतं. विशाखापट्टणमचं बंदर १९३३ मध्ये सुरू झालं, त्यामागेही मध्य प्रांतातलं मँगनीज समुद्रापर्यंत जवळच्या वाटेनं नेणं हे एक मोठं कारण होतं. मनसरचा दगड आणि विशाखापट्टणमचा धक्का, कुठून कुठे!

या सगळ्याचा अभ्यास केला तो फेरमर नावाच्या तरुण इंग्रज भूशास्त्रज्ञानं. १९०९ मध्ये त्याचा भारतातल्या मँगनीजवरचा हजारावर पानांचा ग्रंथ निघाला. त्यात त्यानं इथल्या एका खडकाला 'गोंडाइट' नाव दिलं, गोंड लोकांवरून. बेलडोंगरीच्या एका खनिजाला 'बेलडोंग्राइट'. गोंडाइट हे नाव आजही जगभर चालतं, आफ्रिकेतल्या आणि ब्राझीलमधल्या खडकांनाही लावतात. गोंडांचं नाव दगडाला मिळालं. खदानीच्या मालकीच्या कागदावर मात्र ते कुठे दिसत नाही.

मालकीच्या कागदावर कोण होतं? मोठा वाटा त्या इंग्रज कंपनीचा, जिचं नाव पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झालं. पण आपल्याकडचे लोकही होते, कामठी-नागपूरचे व्यापारी, सावकार. त्यातल्या एकाचं नाव प्रत्येक नागपूरकर रोज घेतो, पण तो माणूस कोण हे विचारत नाही. अमरावती रोडवरचं एलआयटी. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट. हे लक्ष्मीनारायण म्हणजे देवाचं नाव असं मला कॉलेजात असेपर्यंत वाटायचं, हसू नका. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे कामठीचे खाणमालक. १९३० च्या मृत्युपत्रात त्यांनी आपली संपत्ती, सुमारे ३५ लाख रुपये, नागपूर विद्यापीठाला दिली, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. तेव्हाचे ३५ लाख! विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. १९४२ मध्ये संस्था सुरू झाली. रंग, तेल, कागद, पेट्रोलियम, कुठल्याही कारखान्यात जा, एलआयटीचा एखादा माणूस भेटतो. २०२३ मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. या दानाबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे. फक्त एवढंच वाटतं की तिथे त्यांच्या नावाशेजारी एका ओळीत खदानीचाही उल्लेख असावा. ते ३५ लाख टोपलीटोपलीनं वर आले होते.

आता भावाची गोष्ट, कारण खदानीचं सगळं नशीब भावावर. आणि भाव कधीच मनसरला ठरला नाही.

आपला मोठा प्रतिस्पर्धी होता रशियाच्या ताब्यातला जॉर्जिया, तिथलं चियातुरा नावाचं गाव. १९०४-०५ मध्ये रशिया-जपान युद्ध झालं, १९०५ मध्ये रशियात क्रांतीचा भडका उडाला, चियातुराचा माल अडला. युरोपातले कारखानदार आपल्याकडे वळले, भाव चढले, मध्य प्रांतात जो तो परवाने मागायला धावला. १९०७ मध्ये अमेरिकेत बँका कोसळल्या, भाव खाली. १९१४ मध्ये महायुद्ध लागलं, तुर्कांनी दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली, जॉर्जियाचा माल काळ्या समुद्रात अडकला. पुन्हा आपली चलती. मग १९२९ ची मंदी. १९२७ मध्ये देशाचं मँगनीज उत्पादन अकरा लाख टनांच्या वर होतं, १९३२ मध्ये ते साधारण दोन लाखांवर आलं. पाच वर्षांत पाचवा हिस्सा. आकडा वाचायला सोपा आहे. रामटेक तहसिलीत त्याचा अर्थ असा की ढीग रचलेले आणि उचलायला गाडी नाही. काकाजी म्हणाले, "आजा सांगे, तवा खदान बंद पडली अन् लोकं मोहफुलावर राह्यले." सन त्यांना सांगता आलं नाही. मला वाटतं ते हेच असावं.

असा खेळ फक्त आपल्याशीच झाला असं नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या पहाडात ॲस्पेन म्हणून गाव आहे. आज तिथे जगातले पैसेवाले बर्फावर घसरायला जातात. १८७९ मध्ये ते वसलं चांदीसाठी. दहा-बारा वर्षांत तिथे हजारोंची वस्ती झाली. आणि ते बुडालं कशानं, त्यात आपला रुपया आहे! २६ जून १८९३ ला हिंदुस्थान सरकारनं ठरवलं की यापुढे कोणी चांदी घेऊन टांकसाळीत आला तर त्याचे रुपये पाडून मिळणार नाहीत. जगातली चांदी खपवणारं एवढं मोठं गिऱ्हाईक एका दिवसात बंद. भाव धाडकन पडला, काही दिवसांत कोलोरॅडोतल्या खाणी बंद होऊ लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकन सरकारनंही चांदीची सक्तीची खरेदी थांबवली आणि उरलासुरला धंदा गेला. ॲस्पेनची वस्ती हजाराच्या खाली आली. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्फानं ते पुन्हा उभं केलं. सिमला-लंडनच्या एका ठरावानं तिकडचा खाणकामगार घरी बसला, आणि तिकडच्या बँका बुडाल्या की मनसरची बाई टोपली घेऊन घरी बसली. एकानं दुसऱ्याचं नावही कधी ऐकलं नसेल.

ॲस्पेनबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आज तिथला पर्यटक जुन्या चांदीच्या खाणीतही जातो. तिकीट काढून, डोक्यावर टोपी घालून, बोगद्यात. गाव आपला जुना धंदा लपवत नाही. ते आपण पुढे बोलू.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर काय झालं ते थोडक्यात. १९६२ मध्ये भारत सरकारनं कंपनीशी करार करून मँगनीज ओर इंडिया लिमिटेड काढली, तीच आपली मॉयल. ५१ टक्के केंद्र आणि दोन राज्यं, ४९ टक्के जुन्या इंग्रज कंपनीचे. होय, स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांपर्यंत त्यांचा वाटा होता. तो १९७७ मध्ये घेतला. १९७६ मध्ये लोखंड, मँगनीज आणि क्रोम खाणींच्या मजुरांसाठी कल्याण निधीचा कायदा आला. २०१० मध्ये शेअर बाजारात नोंदणी. मुख्यालय नागपुरात, काटोल रोडवर. २०२३-२४ मध्ये कंपनीनं १७.५६ लाख टन उत्पादन घेतलं. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव या खदानी आजही चालतात, काम आता मुख्यतः जमिनीखाली. पगार, क्वार्टर, दवाखाना या बाबतीत कायम कामगाराची स्थिती त्याच्या आज्यापेक्षा शंभर पटीनं बरी आहे, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. ठेक्यावरच्या माणसाचा विषय वेगळा, त्यावर स्वतंत्र लिहीन.

एक खंत मात्र राहतेच. सव्वाशे वर्षं आपण दगड पाठवतो. त्यापासून फेरो-मँगनीज करायचे कारखाने कन्हानला आणि तुमसरजवळ माणेकनगरला निघाले होते, तेही पुढे बंद पडले. ही भट्टी वीज खाते, आणि विदर्भात वीज तयार होऊनही ती उद्योगाला काय भावानं मिळते हे इथल्या वाचकांना मी सांगायची गरज नाही.

आणि धूळ. मँगनीजची बारीक धूळ वर्षानुवर्षं पोटात-छातीत गेली तर ती मेंदूवर परिणाम करते. हात थरथरतात, चालताना तोल जातो, चेहरा लाकडासारखा होतो. ग्लासगोच्या कूपर नावाच्या डॉक्टरनं दगड दळणाऱ्या कामगारांमध्ये हे १८३७ मध्येच पाहून लिहून ठेवलं होतं. म्हणजे मनसरला पहिली पहार पडली त्याच्या साठ वर्षं आधी. काकाजींच्या आज्याचे हात म्हातारपणी थरथरायचे. ते दगडानं की वयानं, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. त्या काळी विचारणारा डॉक्टर कोण होता?

आता मागणी. जिल्ह्यात असं काही झालंच नाही असं नाही. सावनेरला वेकोलिनं २०१६ मध्ये एमटीडीसीला सोबत घेऊन कोळसा खाणीचं पर्यटन सुरू केलं, लोक हौसेनं गेले. मग मँगनीजचं का नाही? जमिनीखाली नेऊ नका, सुरक्षेचे नियम मला समजतात. पण रामटेकला एक खोली चालेल. त्यात गोंडाइटचा एक तुकडा, एक पहार, एक टोपली, जुने फोटो, मजुरीचे कागद. आपल्याच अजब बंगल्याची गोष्ट विसरू नका: दोराबजी टाटा नागपुरात साहेबाला भेटायला आले होते, वेळ होता म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण पाहिली. ती राजहऱ्याची टेकडी, पुढे भिलाई तिच्यावरच चाललं. संग्रहालयातली एक भिंत काय करू शकते ते या शहराला शिकवायला नको.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा यात घाला असं मी म्हणत नाही. २०१५ च्या कायद्यानं जुन्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम तिकडे जमा होते, ती खाणीलगतच्या गावांच्या पाण्याला, दवाखान्याला, शाळेलाच लागू दे. तीही तिथे पोचते का, हे एकदा ग्रामसभेत विचारा. खोलीसाठी फार पैसा लागत नाही. लागतात त्या वस्तू, आणि त्या घराघरांत पडून आहेत. किंवा होत्या. काकाजींच्या घरी आज्याचा पितळी बिल्ला होता, नंबर कोरलेला. मागच्या दिवाळीला मोडीत गेला.

म्हणून मनसर, कांद्री, सातक, बेलडोंगरी, गुमगाव, खापा, तिकडे चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी इथल्या मित्रांना विनंती. घरात हजेरीचं कार्ड, बिल्ला, खदानीवरचा फोटो, पगाराची पावती, काहीही असेल तर विकू नका. फोटो काढून मला इनबॉक्स करा. आजी जिवंत असेल आणि तिनं टोपली वाहिली असेल, तर मोबाईलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, पाच मिनिटं का होईना. काकाजींकडे मी येत्या रविवारी पुन्हा जातोय. त्यांची मोठी बहीण कांद्रीला असते. ती आईसोबत खदानीवर जायची, असं ते म्हणाले.

(मँगनीजच्या जुन्या ट्रॉली लाइनचे रूळ कोणाच्या शेतात अजून दिसत असतील तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा.)